फुटबॉलचं नवं-जुनं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापुरात दिवाळीचा फराळ संपत आला की एक वेगळाच बाजार भरतो. त्याला ना जागा ना फलक. पेठेतल्या कट्ट्यावर, चहाच्या गाडीपाशी, तालमीच्या पायरीवर तो भरतो. पाटाकडीलचा कोण सुटला, दिलबहारनं कोणाला गाठलं, शिवाजी तरुण मंडळाचा बचावपटू यंदा राहतोय की चालला, खंडोबा तालमीकडं नवा गोलरक्षक कुठला आला, प्रॅक्टिस क्लबाचं काय, बालगोपालचं काय. बोलणी रात्री उशिरापर्यंत चालतात. मग के.एस.ए.कडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी होते. पोरगं एकदा सही करून गेलं की त्या मोसमापुरतं ते त्या तालमीचं. मग शाहू स्टेडियमवर सामने सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत गावाला दुसरा विषय राहत नाही. नाद खुळा म्हणतात तो हाच.

मी एका तालमीच्या फुटबॉल संघाचा हिशेब काही वर्षं सांभाळला. खेळाडू म्हणून माझं नाव कोणाला आठवायचं कारण नाही, पण वही मात्र मी नीट ठेवली. आज त्या वहीविषयीच बोलायचं आहे. गोल कसा झाला हे सांगणारे पुष्कळ आहेत. गोल करणाऱ्याला पैसे कुठून दिले आणि ते कधी फिटले, हे सहसा कोणी सांगत नाही.

सुरुवात मात्र लांबून करतो, अमेरिकेतून. तिथं ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं, असा तो खेळ. आपल्या लाल मातीतल्या माणसाला तो खरं तर लवकर समजावा! त्या खेळाची एन.एफ.एल. नावाची मोठी लीग आहे, बत्तीस संघांची. या लीगनं १९९४ पासून एक नियम केला. कोणत्याही संघानं एका वर्षात खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा, याची एक रेघ मारून दिली. २०२५ साली ती रेघ प्रत्येक संघाला सत्तावीस कोटी ब्याण्णव लाख डॉलर एवढी होती. शहर श्रीमंत असो की मालक गर्भश्रीमंत, रेघ सगळ्यांना एकच. हेतू असा, की पैसेवाल्यानं सगळे चांगले खेळाडू गोळा करू नयेत आणि स्पर्धेत चुरस राहावी. आपल्याकडं आय.पी.एल.च्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते, तसंच काहीसं. २०२५ च्या मोसमासाठी ती एकशेवीस कोटी रुपये होती. त्यातले सत्तावीस कोटी लखनौनं एकट्या ऋषभ पंतसाठी मोजले. मग बाकीचा संघ उरलेल्या पैशांत बसवायचा. ही कसरत आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली आहे.

अमेरिकेतल्या या नियमात एक मेख आहे, आणि ती समजायला कोल्हापूरच्या माणसाला अजिबात वेळ लागणार नाही. खेळाडू करार करतो तेव्हा त्याला सहीचे म्हणून मोठे पैसे एकदम हातात मिळतात. हिशेबात मात्र ती रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून धरतात. समजा, पाच वर्षांचा करार झाला आणि दोन वर्षांतच संघानं त्याला काढून टाकलं, तर उरलेल्या तीन वर्षांचे हप्ते माफ होत नाहीत. माणूस गेला तरी आकडा वहीत राहतो आणि रेघेच्या आतली तेवढी जागा खाऊन बसतो. तिकडं याला मेलेला पैसा म्हणतात.

आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल देतात. टोळी आली, ऊस तोडला, की उचल फिटली. पण उचल घेऊन टोळी आलीच नाही, किंवा अर्ध्यातून निघून गेली, तर ऊस शेतात उभा आणि उचलीचा आकडा वहीत उभा. पुन्हा दुसरी टोळी शोधायची आणि तिलाही उचल द्यायची. मेलेला पैसा म्हणजे नेमकं हेच.

दुसरी गोष्ट याहून ओळखीची. मार्चच्या मध्यावर तिथलं नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. त्या दिवशी करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि कुठल्याही संघाशी करार करू शकतात. त्याच दिवशी प्रत्येक संघ रेघेच्या आत असावा लागतो. मग मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात धावपळ होते. एखाद्याचा यंदाचा पगार सहीच्या रकमेत बदलायचा आणि पुढच्या वर्षांवर ढकलायचा. यंदाची रेघ सांभाळली जाते, पुढच्या वर्षीची वही जड होते. आपल्या सोसायटीत मार्चअखेरीला जे चालतं त्याला आपण नवं-जुनं करणं म्हणतो. जुनं कर्ज कागदावर भरलं, नवं उचललं, माणूस तिथंच. महिनाही तोच आणि युक्तीही तीच.

या धावपळीत दंड बसला तर काय होतं, त्याचं एक उदाहरण देतो. २०१० साली, मालक आणि खेळाडू यांच्यातल्या कराराच्या वादामुळं, पगाराची रेघ एका वर्षापुरती नव्हती. वॉशिंग्टन आणि डॅलस या दोन संघांनी त्या मोकळ्या वर्षात काही करारांचे मोठे आकडे उरकून घेतले, म्हणजे पुढच्या वर्षांची वही हलकी झाली. लीगनं ते मनात ठेवलं. मोकळ्या खेळाडूंचा बाजार १३ मार्च २०१२ ला उघडणार होता. त्याच्या आदल्या दिवशी निर्णय बाहेर आला. वॉशिंग्टनच्या रेघेतून दोन वर्षांत मिळून तीन कोटी साठ लाख डॉलर कापले, डॅलसच्या रेघेतून एक कोटी. बाजाराला निघालेल्या माणसाचा खिसा वेशीवरच हलका केला म्हणायचा. संघांनी दाद मागितली. रेघच नव्हती तर आम्ही ओलांडली कशी, असा त्यांचा सवाल होता. पण मे महिन्यात लवादानं त्यांची तक्रार फेटाळली.

वॉशिंग्टननं त्या वर्षी काय केलं? रॉबर्ट ग्रिफिन नावाचा एक तरुण खेळाडू निवडला आणि त्याच्या जोरावर सोळापैकी दहा सामने जिंकून आपला गट जिंकला. लोक म्हणाले, दंडाचं काही वाटलं नाही. पण दंड दोन वर्षांचा होता. ग्रिफिनचा गुडघा दुखावला. त्याला निवडण्यासाठी पुढच्या दोन वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या निवडीही संघानं देऊन टाकल्या होत्या. रिकाम्या जागा भरायला हाताशी पैसा कमी. २०१३ मध्ये त्याच संघानं सोळापैकी फक्त तीन सामने जिंकले आणि प्रशिक्षकाला घरी जावं लागलं. सगळा दोष दंडाचा नव्हता. पण अडचणीच्या वर्षी हात बांधलेले असले की साधी दुखापतही महागात पडते, एवढं त्यावरून कळतं.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. डेन्व्हरच्या संघानं २०२२ साली रसेल विल्सन या नामवंत खेळाडूला आणलं आणि त्याच्याशी चोवीस कोटी पन्नास लाख डॉलरचा पाच वर्षांचा वाढीव करार केला. दोन मोसमांत जमलं नाही. मार्च २०२४ मध्ये, तो वाढीव करार सुरू व्हायच्या आतच, त्याला मोकळं केलं. मेलेला पैसा किती? साडेआठ कोटी डॉलर. त्यातले पाच कोटी तीस लाख २०२४ च्या वहीत, बाकीचे पुढच्या वर्षी. सगळ्यांना वाटलं, आता दोन वर्षं हा संघ उठत नाही. संघानं महागडे काही खेळाडू सोडले, नवी मोठी खरेदी आवरती घेतली आणि बो निक्स या नवख्या पोराच्या हातात चेंडू दिला. त्या वर्षी त्यांनी सतरापैकी दहा सामने जिंकले आणि बाद फेरी गाठली. त्यांनी चूक वहीत मान्य केली, ती पुढं ढकलत बसले नाहीत, आणि कमी पैशातल्या तरुण पोरावर भरवसा ठेवला. मला यात फार मोठा धडा दिसतो.

आता आपल्या गोल चेंडूकडं येऊ. कोल्हापुरात निम्मं गाव अर्जेंटिनाचं आणि निम्मं ब्राझीलचं. त्यामुळं मेस्सी बार्सिलोना सोडून का गेला, हे इथं शाळकरी पोरगंही सांगेल. ऑगस्ट २०२१ मध्ये तो अर्ध्या पगारावर राहायला तयार होता. पण स्पेनच्या लीगमध्ये क्लबाच्या मिळकतीवर पगाराची मर्यादा ठरते, आणि बार्सिलोनाची वही आधीच इतकी फुगली होती की अर्ध्या पगाराचाही मेस्सी त्यात मावेना. तेराव्या वर्षी त्या क्लबात आलेला खेळाडू रडत बाहेर पडला. इंग्लंडमध्ये तर थेट गुणच कापतात. एव्हर्टन या जुन्या क्लबाचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले, अपिलानंतर ते सहा झाले. कारण काय, तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तोटा. गोल कोणी खाल्ला नाही, पेनल्टी कोणी चुकवली नाही. हिशेबनीसाच्या टेबलावर गुण गेले.

ही सगळी दूरची उदाहरणं वाटतील, म्हणून एक जवळचं सांगतो. पुण्यात एफ.सी. पुणे सिटी नावाचा संघ होता, इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा. पैशाचं गणित बसेना म्हणून २०१९ मध्ये तो बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा नव्यानं निघालेल्या हैदराबाद एफ.सी.ला मिळाली. मार्च २०२२ मध्ये हैदराबादनं गोव्याच्या फातोर्डा मैदानावर केरळचा संघ पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवलं. त्या मोसमात त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा पोरगा. गावाला केवढा आनंद झाला होता!

पण पुढं ऐका. पुढच्या मोसमात तो संघ लीगमध्ये दुसरा आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोसळला. खेळाडूंची देणी थकली. तक्रारी फिफापर्यंत गेल्या आणि फिफानं क्लबावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली. देणं फेडा, मग नवी सही. एकेक करून खेळाडू निघून गेले. उरलेल्या तरुण भारतीय पोरांनी मान खाली न घालता मोसम पुरा केला. २०२३-२४ च्या त्या मोसमात बावीस सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला. विजेतेपदापासून तळापर्यंत यायला दोन वर्षं लागली.

यातली गंमत, खरं तर दुःखाची गोष्ट, अशी की त्या लीगमध्येही पगाराची मर्यादा होती. काही वर्षं ती संघामागं साडेसोळा कोटी रुपये होती. म्हणजे वर छत होतं. पण खाली जमीन आहे का, म्हणजे ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी मिळतात का, हे छत कसं सांगणार? २०२५ मध्ये त्या लीगचा मोसमच लांबणीवर पडला. तेव्हा काही क्लबांनी पगार थांबवल्याचं जाहीर केलं. मोठ्या नावांचं भागतं. ज्याच्या पगारावर गावाकडचं घर चालतं त्या पोरानं काय करायचं?

श्रोते हो, आता माझ्या वहीचं एक पान उघडतो.

कोल्हापूरच्या तालमी मुळात कुस्तीच्या. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. पेठेनं आपल्या पैलवानाच्या खुराकाची काळजी घ्यायची, ही त्या काळापासूनची रीत. पुढं त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि खुराकाची रीतही बरोबर आणली. बूट घेऊन दिले, सामन्यानंतर मिसळ किंवा दूध-केळी, कोणाच्या बहिणीच्या लग्नाला हातभार. त्याला कोणी पगार म्हणत नव्हतं. मग गेल्या पंचवीसेक वर्षांत बाहेरचे खेळाडू येऊ लागले. आधी पुणे-मुंबई-गोव्याचे, नंतर आफ्रिकेतल्या देशांतले. त्यांच्यामुळं खेळाचा वेग वाढला, आमची पोरं त्यांच्याकडून खूप काही शिकली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. के.एस.ए.नं परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा ठेवली. पैशाला मात्र मर्यादा नाही. आणि कुठल्या कागदावर लिहिणार? सगळा व्यवहार शब्दावर.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालमीनं ठरवलं, यंदा चषक आणायचाच. बाहेरचे दोन खेळाडू आणले, शेजारच्या पेठेतला एक आक्रमक उचल देऊन फोडला. राहायची खोली, जेवण, दवाखाना, सगळं आमच्याकडं. वर्गणी आटली तेव्हा चार कार्यकर्त्यांनी आपापल्या नावावर पैसे उचलले. एका बड्या आसामीनं मदतीचा शब्द दिला होता. निवडणूक झाली आणि शब्दही विरला. आम्ही एका स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलो आणि टायब्रेकरवर हरलो. मोसम संपला तेव्हा देणं होतं दोन लाख चाळीस हजार. तो आकडा मी आजही विसरलेलो नाही.

पुढच्या नोंदणीआधी तालमीत बैठक बसली. दोन मतं होती. एक, आणखी पैसे उचला, तेच खेळाडू ठेवा, यंदा चषक जिंकू आणि बक्षिसातून सगळं फेडू. दुसरं, हात आखडा. मी हिशेब वाचून दाखवला. कोणी बोलेना. तेव्हा आमचे वस्ताद, ऐंशीच्या घरातले, कोपऱ्यातून म्हणाले, "लेकानो, पैलवानाला दूध उधारीवर पाजता येतं, पण कुस्ती उधारीवर लढता येत न्हाई. आधी त्या परक्या पोरांचं पैसं द्या. आपल्या दारातनं कोण उपाशी गेलं, असं नगं व्हायला."

त्याप्रमाणं आधी त्यांचे राहिलेले पैसे दिले. गणपतीची वर्गणी त्या वर्षी निम्म्यावर आणली, मिरवणुकीतला साऊंड रद्द केला. पेठेत शिव्या खाल्ल्या. मोसमात सगळी आमचीच पोरं उतरवली. पहिल्या सामन्यात पाच गोल खाल्ले. शेवटच्या सामन्यात कशीबशी गटातली जागा टिकवली. देणं फिटायला तीन मोसम लागले. पण तिसऱ्या वर्षी त्या पोरांचा खरा संघ झाला होता, आणि तो कोणी फोडला तरी पेठेतून दुसरं पोरगं उभं राहत होतं.

ही गोष्ट इथं संपवली तर ऐकायला गोड वाटेल. पण वहीत एक खर्च लिहायचा राहिला आहे. बाहेरचे खेळाडू आले त्या आधीपासून आमच्याकडं एक पोरगा होता. डाव्या पायाचा, शांत, पाऊस असो की थंडी, पहाटे सरावाला पहिला हजर. बाहेरून आलेल्याच्या जागेवरच तो खेळायचा. ते वर्षभर तो बाकावर बसला. मी त्याला दर आठवड्याला सांगायचो, पुढच्या सामन्यात बघू. पुढचा सामना आलाच नाही. मोसम संपल्यावर तो शिरोलीच्या वसाहतीत फौंड्रीत कामाला लागला. आम्ही पुढच्या वर्षी बोलवायला गेलो, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "काका, आता पाळी आहे रात्रीची." फौंड्रीचं काम वाईट नाही, त्यानं घर उभं केलं. पण आम्हाला ज्या वर्षी त्याची गरज लागली त्याच्या आदल्याच वर्षी आम्ही त्याला घालवला होता. दोन लाख चाळीस हजार फिटले. तो खर्च फिटला नाही.

म्हणून मला वाटतं, रेघ हवी. पण ती अमेरिकेसारखी डॉलरची नको, आपल्या सोयीची हवी. मोसमाचा अंदाज तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहावा, पेठेतल्या प्रत्येकाला दिसेल असा. मैदानात उतरणाऱ्या अकरांत आपल्या पोरांच्या जागा आधी ठरवाव्यात, मग उरलेल्या जागांसाठी बाहेर बघावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या मोसमाचं देणं फिटल्याशिवाय नवी सही घेऊ नये. फिफा मोठ्या क्लबांना हाच नियम लावते. आपण तो स्वतःहून लावून घेतला तर त्यात कमीपणा कसला?

कोणी म्हणेल, अशानं चुरस कमी होईल. मी म्हणतो, शाहू स्टेडियमवर गर्दी होते ती पेठेच्या पोराला बघायला. परक्या खेळाडूच्या गोलावर आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या त्याच्या हक्काच्या असतात. पण शेजारच्या घरातलं पोरगं गोल करतं तेव्हा माणूस जागेवरून उठतो. तो उठण्याचा आनंद उधारीवर मिळत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तो बाजार भरेल. कट्ट्यावर नावं निघतील, उचलीचे आकडे कानात सांगितले जातील. तुम्ही तिथं असलात तर एकच विचारा, गेल्या वर्षीचं सगळ्यांचं दिलं का? उत्तर लगेच आलं तर तो संघ बघायला जरूर जा.